गठ्ठ्यातले वरचे पेपर

मार्च महिना लागला की आमचं जेवणाचं टेबल जेवणाचं राहत नाही. सून उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि दहावीचे बोर्डाचे पेपर तपासायला तिचं नाव येतं. आता म्हणे शाळेतच बसून तपासा असं कडक सांगतात. मी सांगते ती गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे, तेव्हा गठ्ठे घरी यायचे. गठ्ठा आला की टेबलावर स्वच्छ चादर पडायची आणि आमची पानं खाली स्वयंपाकघरात. मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात साहेब आहे, तिथे त्याला खुर्ची, पंखा, सगळं. घरी मात्र मांडी घालून भिंतीला टेकून जेवायचा आणि म्हणायचा, बोर्डानं मला जमिनीवर आणलं.

नदीकाठच्या मांजर्लीतलं आमचं घर काही मोठं नाही. त्यामुळे गठ्ठा कुठेही ठेवला तरी तो मध्येच यायचा. पण त्याला हात लावायचा नाही, हा सुनेचा नियम. फडकंसुद्धा फिरवायचं नाही. मी त्याच्या कडेकडेनं पुसून घ्यायची, देवाच्या मूर्तीभोवती पुसतात तसं. आणि वाचायचं तर मुळीच नाही. मला वाचायची खोड आहे, ती सुनेला माहीत आहे. गावात चौथीपर्यंत शाळा झाली माझी, पुढचं सगळं पोरांच्या पुस्तकांवर भागवलं. मुलगा सातवीत होता तेव्हा मी सातवी केली, तो नववीत गेला तेव्हा मी नववी. परीक्षा तेवढी कुणी घेतली नाही. त्यामुळे परीक्षेचा पेपर म्हणजे माझ्यासाठी न चाखलेली मिठाई. तरी सांगते, आजपर्यंत एकही पेपर मी उघडून पाहिलेला नाही. ऐकलाय मात्र एक. तोही पूर्ण नाही, एक उत्तर.

पण आधी हे तपासणं चालतं कसं ते सांगायला हवं, कारण मला स्वतःला ते कळायला बरीच वर्षं गेली. आमच्या काळी गुरुजी एकच. त्यांनी दिलं ते दिलं, छडीसकट. बोर्डाचं तसं नाही. पेपरावर मुलाचं नाव नसतं, गाव नसतं, नुसत्या काळ्या रेघांची चिठ्ठी चिकटवलेली. माझी सून तपासते, ती परीक्षक. तिच्यावर एक नियामक. शाळेत सगळे त्यांना मॉडरेटर म्हणतात. त्या प्रत्येक गठ्ठ्यातले काही पेपर काढून पुन्हा तपासतात, सून फार हात सैल सोडते की फार आवळते ते बघतात. आणि त्या मॉडरेटरनी तपासलेलं बघायला आणखी वर एक मोठ्या मॅडम. म्हणजे एका पोराच्या उत्तरामागे तीन-तीन बाया चष्मा लावून बसलेल्या. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. आपल्याकडे पोरीचं स्थळसुद्धा इतकं तपासत नाहीत.

सुनेच्या शाळेतल्या एक सिंधी बाई तेव्हा रविवारी आमच्याकडे पेपर तपासायला यायच्या. त्याही मराठीच शिकवायच्या, सुनेपेक्षा कितीतरी वर्षं जुन्या. त्यांच्या घराखाली जीन्स शिवायच्या मशीन दिवसभर चालायच्या, डोकं जाग्यावर राहायचं नाही, म्हणून आपला गठ्ठा पिशवीत घालून रिक्षानं यायच्या. बरोबर सिंधी पापड. दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसायच्या, आपापला गठ्ठा आपल्यापुरता, एकमेकींच्या पेपरात डोकवायचं नाही. मी मध्ये चहा नेऊन ठेवायची. एकदा मी त्यांना म्हटलं की तुमचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे हो. तर पापड मोडत म्हणाल्या, "आंटी, तुम्हाला फुकट मिळाली, आम्ही मेहनतीनं घेतली. फुकटची चीज कोण सांभाळतं?"  खरंच होतं.

त्यांची एक पद्धत होती. गठ्ठा पूर्ण तपासून झाला की त्या वरचे पहिले काही पेपर पुन्हा घ्यायच्या आणि नव्यानं तपासायच्या. त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला हात कडक असतो. आदर्श उत्तर डोक्यात ताजं असतं आणि प्रत्येक पोर गाढव वाटतं. गठ्ठा खाली जाता जाता कळतं की यंदा पोरांना काय जमलंय आणि काय कुणालाच जमलेलं नाही. तोवर वरच्या बिचाऱ्यांना मार बसून गेलेला असतो. हे मला लगेच पटलं. साडीच्या दुकानात पहिल्या साड्या आपण नाक मुरडून बाजूला सारतो, दुकान पालथं घालतो आणि शेवटी म्हणतो, ती मघाची दाखवा.

माझी सून त्या वर्षी तशी नवीनच होती. तिला ही पद्धत फार आवडली. तिनं गठ्ठा संपवला, वरचे पेपर पुन्हा काढले, पुन्हा वाचले, आणि बऱ्याच ठिकाणी तिला वाटलं की आपण कमी दिलेत. मग तिनं आधीचा आकडा खोडला, शेजारी नवा लिहिला, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक खोडलेल्या आकड्याजवळ सही केली. मन लावून, एक-एक. मी स्वयंपाकघरातून बघत होते. चेहरा असा समाधानी, जसा नैवेद्याचं ताट वाढून झाल्यावर होतो.

गठ्ठा अंबरनाथला मॉडरेटर मॅडमकडे जमा झाला. आणि दोन-चार दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला.

सून नुसतं हो मॅडम, हो मॅडम करत होती. फोन ठेवला आणि टेबलाशी बसली. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली की वरच्या पेपरांत खाडाखोड आहे म्हणतात, समक्ष येऊन सांगा असं म्हणाल्या. मला काही उमगेना. खाडाखोड आहे तर आहे, सही केलीय ना, लपवलं कुठे? मग तिनं मला नीट समजावलं. वरच्या पेपरांतले सगळे गुण वाढवलेले, एकही कमी केलेला नाही. आणि त्यातला एक पेपर आधी नापास होता, तो वाढवल्यावर काठावर पास झालेला. बघणाऱ्याला काय वाटेल? कुणीतरी ओळखीचं गाठलं, एका पोराला पास करायचं ठरलं, आणि ते उघडं पडू नये म्हणून शेजारच्या चार जणांनाही थोडं थोडं वाढलं.

तिनं सिंधी बाईंना फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं अदी, मी पहिले मार्क पेपरवर लिहितेच कुठे? चिठ्ठीवर लिहून आत ठेवते. परत बघितल्यावर पक्के झाले की मग पेपरवर." अदी म्हणजे सिंधीत बहीण. सुनेनं कपाळावर हात मारला. इतके रविवार समोर बसली होती, पण दुसऱ्याच्या गठ्ठ्याकडे बघायचं नाही हा नियम इतका पाळला की ती चिठ्ठी कधी दिसलीच नाही. पद्धत अर्धी घेतली आणि अर्धी टेबलाच्या पलीकडे राहिली.

मी तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, फार तर काय करतील, तुझं नाव काढतील यादीतून. नको जाऊस पुढच्या वर्षी, टेबल तरी मोकळं मिळेल. तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं नाव काढू देत हो आई. पण वाढवलेले गुण रद्द केले तर ते पोर नापास होतं. माझ्या खाडाखोडीपायी."

मग मी टेबलाचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मुलगा म्हणाला, मी रजा टाकतो, मी येतो बरोबर. सुनेनं त्याला नको सांगितलं आणि मला म्हणाली, आई तुम्ही चला. नवरा नेला तर भांडायला आणलाय असं वाटतं, सासू नेली तर कुणाला काही वाटत नाही. म्हणून मी निघाले. रिक्षात ती सारखी ओठ हलवत होती. काय बोलायचं त्याची तयारी करत असावी. मी बाहेर रस्त्याकडे बघत बसले. परीक्षेला निघालेल्या पोराशी बोलू नये, एवढं मला परीक्षा न देताही कळतं.

अंबरनाथच्या एका शाळेत हे काम चालायचं. सुट्टी लागलेली, पोरं नाहीत, आणि पोरं नसलेली शाळा म्हणजे कशी भांडी घासून पालथी घातल्यासारखी वाटते. मॉडरेटर मॅडम एका वर्गात बसल्या होत्या. निवृत्तीला आलेल्या, बारीक, कडक इस्त्रीची सुती साडी. मला दारातूनच नमस्कार केला आणि नम्रपणे सांगितलं की आत पेपर आहेत, तुम्हाला बाहेर बसावं लागेल. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. बाक छोट्या मुलांचा, माझे गुडघे हनुवटीला लागत होते. आणि उकाडा इतका की वर्गाच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मी काही कान लावला नव्हता. पण कान काही मिटता येत नाहीत.

सुनेनं सगळं खरं सांगितलं. वरचे पेपर पुन्हा का तपासले, पद्धत कुणाकडून घेतली, चिठ्ठीचं कळलं नव्हतं. मॅडम मध्ये एकदाच बोलल्या, की पद्धत चांगली आहे, अर्धी वापरलीत तेवढं वाईट. मग त्यांनी काय केलं, सुनेला कागदाच्या पट्ट्या कापायला लावल्या आणि तिनं दिलेले जुने-नवे दोन्ही आकडे झाकून टाकायला सांगितलं. म्हणाल्या की आता मी तपासते, तुम्ही काय दिलंत ते न बघता. तुम्ही बाहेर जाऊन बसा.

सून माझ्याशेजारी येऊन बसली. मी पिशवीतून कोकम सरबताची बाटली काढून दिली. तिनं दोन घोट घेतले आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली की तिला किती त्रास होईल. मी विचारलं, कुणाला? तर म्हणे त्या मुलीला, नापास झाली तर. मी म्हटलं, मुलगी कशावरून? नाव तर नसतं. ती म्हणाली, अक्षरावरून वाटतं. मी म्हटलं, अक्षरावर जाऊ नकोस, तुझ्या नवऱ्याचं अक्षर बघ, मोती आहेत. त्यावर तिला हसू आलं. मला तर तो मुलगाच वाटत होता, का ते विचारू नका. अशा आम्ही दोघी, ज्याला कधी पाहिलं नाही त्या पोरावरून वाद घालत बसलो.

बऱ्याच वेळानं आतून हाक आली. सून आत गेली आणि मी पुन्हा खिडकीखाली एकटी.

मॅडमचा आवाज बारीक, पण प्रत्येक शब्द सुटा. त्यांनी सांगितलं की बाकीच्या पेपरांत माझे आणि तुमचे नवे गुण जवळजवळ सारखे आलेत. तेव्हा ते राहतील, आणि तुमच्या मनात काही वावगं नव्हतं हेही मला दिसलं. एका पेपराला मात्र तुम्ही उगाच दया दाखवलीत, त्याचे पहिलेच ठेवते. आणि हा काठावरचा. याला मी तुमच्या पहिल्यापेक्षा जास्त दिलेत, दुसऱ्यापेक्षा कमी. तो काही पास होत नाही.

मी पदरानं मान पुसली.  आता सून हो मॅडम म्हणून उठणार असं मला वाटलं, कारण घरात तिचं तसंच असतं. पण ती म्हणाली की मॅडम, फरक सगळा त्या स्वमताच्या उत्तरात आहे, ते एकदा मोठ्यानं वाचू का?

"वाचलंय मी, डोळ्यांनी."

"डोळ्यांनी पहिल्यांदा मीही वाचलं होतं, मॅडम."

 मग मॅडम म्हणाल्या, वाचा.

प्रश्न शेजारधर्माबद्दलचा होता. तुमचं मत लिहा म्हणून. सून वाचायला लागली, वर्गात वाचते तशा आवाजात. मला शब्द न् शब्द आठवतो असं नाही, पण उत्तर साधारण असं होतं: 'आमच्या घरात नदीचं पाणी आलं. वरच्या मजल्यावरच्या काकू आमच्याशी बोलत नाहीत. त्यांचं आणि आईचं नळावरून भांडण आहे. पण त्यांनी दार उघडलं आणि आम्हाला सगळ्यांना वर घेतलं. आमचा टीव्ही पण घेतला. भात खायला दिला. तेव्हा पण त्या आईशी बोलल्या नाहीत. पाणी गेलं आणि आम्ही खाली आलो. अजून पण बोलत नाहीत. माझं मत असं आहे की शेजारधर्म म्हणजे बोलायलाच पाहिजे असं नाही. दार उघडलं पाहिजे.'

माझे हात तसेच पिशवीवर राहिले. मांजर्लीत राहणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. उल्हास नदी चढली की आमच्या इथे तळमजल्यावरचा प्रत्येक जण कधी ना कधी वरच्या कुणाच्यातरी घरात ओल्या कपड्यांनी बसलेला आहे. मीही बसलेय. आणि ज्यांच्याकडे बसले त्यांच्याशी माझं फार गोड होतं असंही नाही. ते पोर आमच्या गल्लीतलं असेल की दुसऱ्याच कुठल्या गावचं, देव जाणे, नद्या कुठे कमी आहेत? पण त्यानं जे लिहिलं होतं ते स्वतः पाहिलेलं होतं.

आत मॅडम म्हणाल्या की आदर्श उत्तरात सहकार्य आहे, एकोपा आहे, संकटात मदत आहे. यात मुद्दे कुठे आहेत?

सून म्हणाली, "बाकी सगळ्या गठ्ठ्यात सहकार्य आणि एकोपाच आहे, मॅडम. सगळं गाईडमधलं, एकाच वाक्यात. मत विचारलं होतं. मत या एकानंच दिलंय."

"मत विचारलंय हे मला माहीत आहे. प्रश्न मीही वाचलाय."

 मला वाटलं, संपलं. पण मॅडमनी तो कागद स्वतःकडे ओढून घेतला असावा, कारण पान उलटल्याचा आवाज आला. आणि त्या एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या की टीव्ही पण वर घेतला, बघा. हसल्या त्या. माझ्याही वरच्या मजल्यावर एक आहेत अशा, म्हणाल्या. किती वर्षं झाली, जिन्यात समोर आल्या तरी भिंतीकडे बघतात.

मग पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. आकडा काही त्या बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "घ्या. आता माझीही खाडाखोड झाली. माझीही सही."

दोघी बाहेर आल्या तेव्हा मी बाकावरून उठायचा प्रयत्न करत होते आणि गुडघे ऐकत नव्हते. मॅडमनीच हात दिला. विचारलं, तुम्ही सासूबाई ना? मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, सून चांगली भांडते तुमची. मी म्हटलं, घरी नाही हो भांडत. त्यावर त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, म्हणूनच इतकी शिल्लक होती. आणि पुढच्या वर्षी आधी चिठ्ठी, मग पेपर, असं बजावून आत गेल्या. पुढच्या वर्षी म्हणाल्या, म्हणजे नाव काढणार नव्हत्या. सुनेच्या ते ध्यानातही आलं नाही, मलाच आलं.

रिक्षात बसल्यावर मी बराच वेळ धीर धरला. मग विचारलं, किती झाले गं शेवटी? सून म्हणाली, ते सांगता येत नाही आई, तुम्हाला माहितीये. मी म्हटलं, आकडा कोण विचारतंय? काठ ओलांडला का तेवढं सांग. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत मान हलवली, वरून खाली. मग मला हळूच विचारते, तुम्ही सगळं ऐकलंत ना? मी म्हटलं, खिडक्या उघड्या ठेवायला कुणी सांगितलं होतं?

आता खरं सांगायचं तर त्याच्या पुढेही एक पायरी होती. मोठ्या मॅडमच्या हाताखालून तो पेपर गेला असेल किंवा नसेलही. तिथे काय झालं ते आम्हाला कळलं नाही, कळायची पद्धतच नाही. पण दोघीजणींनी वाचून, झाकून, पुन्हा वाचून दिलेलं तिसरीनं काढून घेतलं असेल असं मला वाटत नाही. तिच्याही वरच्या मजल्यावर कुणीतरी असेलच की.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरात दहावीचं कुणीच नव्हतं. दुपारी गल्लीतली पोरं मोबाइल घेऊन इकडून तिकडे पळत होती, कुणाची आई हसतेय, कुणाची गप्प. मी देवापुढे साखर ठेवली आणि दिवा लावला. सून शाळेतून आली, तिनं ते बघितलं आणि विचारलं, आई, आज काय आहे?

मी म्हटलं, निकाल आहे.

"कुणाचा?"

"त्याचा," मी म्हटलं.

ती चप्पल काढता काढता म्हणाली, "तिचा," आणि चिमूटभर साखर उचलून तोंडात टाकली.